सणाच्या सुट्ट्या, डबल पगार, दिवाळी बोनस आणि ऑफिसची वर्गणी: महाराष्ट्रातल्या प्रायव्हेट नोकरीत कायदा काय सांगतो

तुमचा प्रश्न मोठा आहे, तो आधी थोडक्यात मांडतो. पुण्यात तुमची सर्व्हिस कंपनी, साधारण पस्तीस माणसं, एचआर तुम्ही एकट्याच बघता. मालक म्हणाले यंदा दिवाळीत एकच दिवस सुट्टी, आणि त्या दिवशीही सपोर्ट टीम चालू राहील. पाडवा-भाऊबीज नाही. एका सहकाऱ्याने ईदची सुट्टी मागितली तर "आपल्या लिस्टमध्ये नाही" असं उत्तर मिळालं. दिवाळी पार्टीसाठी सगळ्यांच्या पगारातून वर्गणी कापली गेली आणि बोनसच्या जागी ड्रायफ्रूटचा बॉक्स द्यायचं घाटतंय. शिवाय त्याच मालकांचं भोसरीला एक वर्कशॉप आहे, तिथे दसऱ्याला मशीनची पूजा झाली की हाफ डे मिळायचा, तो यंदा बंद केलाय. यातलं कायद्यात बसतं काय आणि बसत नाही काय, हे तुम्हाला हवंय.

मी कामगार कायद्याची सल्लागारी बरीच वर्षं करतोय आणि दर ऑक्टोबरला हेच प्रश्न येतात. त्यामुळे सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो: सणांच्या बाबतीत कायदा स्वतःहून फार कमी देतो, बाकीचं सगळं वर्ष सुरू व्हायच्या आधी मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायचं असतं. ते ठरवलंच नसेल तर ऐन दिवाळीत तुमच्या हातात दाखवायला कागद नसतो, आणि नेमकं हेच बहुतेक ठिकाणी होतं.

लोकांचा पहिला घोळ सरकारी यादीवरून होतो. राज्य सरकार दरवर्षी जी सार्वजनिक सुट्ट्यांची यादी काढतं ती १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम २५ खाली असते. म्हणजे ती सरकारी कार्यालयं, बँका आणि चेक-हुंडीच्या व्यवहारांसाठी आहे. प्रायव्हेट कंपनीला ती आपोआप लागू होत नाही, तिकडे बावीस-चोवीस सुट्ट्या दिसल्या म्हणून आपल्यालाही तेवढ्या मिळाल्या पाहिजेत असं नाही. भाऊबीजेचं तर आणखी वेगळं, तिथे राज्य सरकार आपल्या कार्यालयांपुरती जादा सुट्टी देतं. मुंबई हायकोर्टाने २०२२ मध्ये दादरा-नगर हवेलीच्या २ ऑगस्टच्या सुट्टीच्या केसमध्ये स्पष्टच म्हटलं होतं की सार्वजनिक सुट्टी मिळणं हा कोणाचा मूलभूत हक्क नाही. त्यामुळे "कॅलेंडरवर लाल आहे" हा मुद्दा मालकासमोर टिकत नाही, तो मांडूच नका.

मग तुम्हाला लागू काय होतं? ऑफिससाठी २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा. मूळ कायदा १० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना होता, २०२५ मध्ये अध्यादेश काढून ती मर्यादा २० वर नेली. तुम्ही पस्तीस आहात म्हणजे दोन्ही हिशोबांनी आत आहात. (बारा-पंधरा माणसांची ऑफिसं आता या सुट्ट्यांच्या तरतुदीतून बाहेर पडली, मला स्वतःला हा बदल अजिबात पटलेला नाही, कारण सणाच्या दिवशी सगळ्यात जास्त राबवलं जातं ते याच छोट्या ठिकाणी.)

या कायद्याचं कलम १८ प्रिंट काढून टेबलवर ठेवा. त्यात वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार कोणत्या ते मालक आणि कामगार यांनी स्थानिक रीत आणि सोय बघून, वर्ष सुरू होण्याआधी, आपसात ठरवायच्या. 'आपसात' याचा अर्थ मालकाने ३१ डिसेंबरला रात्री मेल टाकला आणि झालं असा होत नाही. आणि दुसऱ्या बाजूने बघायचं तर या आठ सोडून पाडवा, भाऊबीज, गोपाळकाला, अनंत चतुर्दशी असं सगळं हक्काने मिळालंच पाहिजे असंही कायदा म्हणत नाही. तुमच्या मालकांनी दिवाळीचा एकच दिवस धरला असेल आणि बाकीचे तीन गुढीपाडवा, गणेश चतुर्थी, दसरा असे ठरले असतील, तर पाडवा-भाऊबीजेला रजा टाकूनच घरी बसावं लागेल. पण तुम्ही पाठवलेल्या माहितीत चार सुट्ट्या ठरवल्याचा कुठलाच कागद दिसत नाही, मीटिंगची नोंद नाही, मेल नाही. इथे मालकांची बाजू कच्ची आहे. एकतर्फी लिस्ट आणि त्यातून ऐनवेळी एक सण काढून टाकणं हे 'आपसात ठरवणं' होत नाही, आणि गेल्या चार-पाच वर्षांत कोणत्या दिवशी ऑफिस बंद होतं ते अटेंडन्समधून निघेलच, त्या नोंदी काढून ठेवा.

आता लक्ष्मीपूजनाला सपोर्ट टीमला बोलावण्याबद्दल. मालक बोलावू शकतात, कायद्यात त्याला मनाई नाही. पण सणाच्या सुट्टीला काम करून घेतलं तर त्या दिवसाचा दुप्पट पगार द्यायचा आणि शिवाय बदली सुट्टी द्यायची. दोन्ही. "पैसे घे नाहीतर कॉम्प-ऑफ घे" असा पर्याय ठेवणं सगळीकडे चालतं आणि ते चुकीचं आहे, ही गोष्ट मी क्लायंटला दर वर्षी नव्याने सांगतो. घरून लॉगिन करून चार तास तिकिटं (ग्राहकांच्या तक्रारी) सोडवली तर ते काम नाही का, असंही विचारतात. माझं मत स्पष्ट आहे, शिफ्ट लावली आहे आणि सिस्टिममध्ये लॉगिन आहे म्हणजे ते काम आहे, माणूस सोफ्यावर होता की डेस्कवर याने फरक पडत नाही. टीममध्ये बायका रात्रीच्या शिफ्टला असतील तर रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेसाठी त्यांची संमती लागते आणि सुरक्षेची, येण्याजाण्याची व्यवस्था कंपनीने करायची असते. दिवाळीच्या गर्दीत कॅब मिळाली नाही ही सबब चालत नाही.

एक बारीक गोष्ट, पण भांडणं यावरूनच जास्त होतात. ठरवलेली सणाची सुट्टी रविवारी आली तर? कायदा बदली दिवस द्याच असं म्हणत नाही. २०२६ ची दिवाळी बघा, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी. ज्यांच्या लिस्टमध्ये फक्त 'लक्ष्मीपूजन' लिहिलंय आणि साप्ताहिक सुट्टी रविवारची आहे त्यांची एक सुट्टी सरळ बुडाली. म्हणून लिस्ट करताना सणाचं नाव आणि तारीख दोन्ही लिहा, पंचांग समोर ठेवूनच बसा, आणि रविवारी पडणारा सण घेण्याऐवजी पाडवा घ्या. शनिवार-रविवार दोन्ही बंद असणाऱ्यांनी तर जास्तच लक्ष द्यायला हवं.

ईदचा मुद्दा मला यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कायद्यात चार सणांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, 'स्थानिक रीत' म्हटलंय. बहुमताने ठरवायचं म्हटलं तर चारही सण एकाच समाजाचे होणार हे उघड आहे, आणि ज्याच्या सणाला कधीच सुट्टी नसते त्या माणसाला दर वर्षी हात पसरून मागावं लागतं, त्यात त्याचा मान जातो. खाजगी नोकरीत धर्माच्या सणाची सुट्टी मागायचा वेगळा थेट हक्क तुमच्या सहकाऱ्याला या कायद्याने दिलेला नाही, हे खरं. पण वाट आहे. मी बऱ्याच ठिकाणी असं करून दिलंय की चारपैकी दोन सगळ्यांना सारख्या आणि दोन ज्याने त्याने एका मोठ्या यादीतून निवडायच्या. त्या यादीत रमझान ईद, बकरी ईद, नाताळ, बुद्ध पौर्णिमा, १४ एप्रिल, महावीर जयंती, पारशी नववर्ष, गुरुनानक जयंती असं सगळं ठेवायचं. हे सगळ्यांनी मिळून ठरवलं, सह्या झाल्या, तर 'आपसात ठरवणं' यात ते व्यवस्थित बसतं. निवड जानेवारीतच लिहून घ्यायची म्हणजे रोस्टर लावणाऱ्यालाही त्रास नाही. आणि ईदच्या पुढे 'चंद्रदर्शनानुसार' एवढा शब्द नक्की टाका. २०२४ ला मुंबईत ईद-ए-मिलादची सरकारी सुट्टी १६ सप्टेंबरवरून १८ ला नेली, कारण १७ ला गणपती विसर्जन होतं, आणि २०२५ मध्येही ५ वरून ८ सप्टेंबरला गेली. ज्या कंपन्यांनी सरकारी लिस्ट कॉपी-पेस्ट केली होती तिथे आदल्या दिवशीपर्यंत ऑफिस चालू की बंद हेच कोणाला माहीत नव्हतं.

यंदाच्या ईदसाठी तुमच्या सहकाऱ्याकडे सीएल, म्हणजे किरकोळ रजा, आहे का बघा. वर्षाला आठ किरकोळ रजा कलम १८ मध्येच आहेत, तिमाहीला दोन अशा जमा होतात आणि वर्षअखेरीला न वापरलेल्या जातात. दिवाळीला ज्याला चार दिवस सलग हवेत त्याला हेच लागू, सप्टेंबरपर्यंत सीएल उडवून टाकल्या की ऑक्टोबर-डिसेंबरच्या दोनच उरतात. मग अर्जित रजा. ती पूर्ण वर्षात २४० दिवस काम झालं की दर २० दिवसांना एक, ४५ पर्यंत साठते. रजा नाकारता येते का? कामाच्या गरजेनुसार येते, पण एकाच्या सणाला नेहमी 'हो' आणि दुसऱ्याच्या सणाला नेहमी 'काम आहे', असं रजिस्टरमध्ये दिसायला लागलं तर तो पक्षपात आहे आणि तो कागदावरच सिद्ध होतो.

सँडविच रजेबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय, शुक्रवार-सोमवार रजा घेतली तर मधले शनिवार-रविवारही कापतात का. कारखान्यांसाठी याचं उत्तर पक्कं आहे, जुन्या कारखाना कायद्याच्या कलम ७९ मध्ये वार्षिक रजा मोजताना रजेच्या मधल्या किंवा दोन्ही टोकांच्या सुट्ट्या धरायच्याच नाहीत असं म्हटलं होतं, २०२५ मध्ये त्याच्या जागी आलेल्या संहितेतही तेच आहे. ऑफिसमध्ये कंपनीची पॉलिसी बघावी लागते, पण सणाची भरपगारी सुट्टी ही कायद्याने दिलेली सुट्टी आहे, ती रजेच्या खात्यातून वजा करून घेणं मला मान्य नाही आणि मी कुठल्याच क्लायंटला ते करू देत नाही.

आता भोसरीचं वर्कशॉप. तिथला दसऱ्याचा हाफ डे 'आम्ही प्रेमाने देत होतो, आता नाही देणार' इतकं सोपं नाहीये. कारखान्यात सुट्ट्या बहुतेक करून स्टँडिंग ऑर्डर (कारखान्याचे लेखी सेवानियम), युनियनशी झालेला करार आणि चालत आलेली पद्धत यावर चालतात. औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ होतं, सुट्ट्यांमध्ये बदल किंवा चालत आलेली सवलत काढून घेणं असं काही करायचं असेल तर कामगारांना २१ दिवस आधी नोटीस द्यायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार लेबर कोड, म्हणजे संहिता, लागू झाले, आणि औद्योगिक संबंध संहितेच्या कलम ४० मध्ये हीच नोटिशीची अट पुन्हा आहे. त्यामुळे इतकी वर्षं पूजा झाली की दुपारी सुट्टी, पेढे, मशीन बंद, असं सलग चालत आलं असेल तर आदल्या दिवशी बोर्डावर कागद चिकटवून ते थांबवता येत नाही. किती वर्षं चालू आहे, तोट्याच्या वर्षातही होतं का, सगळ्यांना मिळायचं का, हे जुन्या पंचिंगच्या नोंदींवरून काढा. यातून कामगारांची बाजू उभी राहते.

बोनसकडे येतो. हा विषय मुंबईच्या गिरण्यांपासूनचा आहे, पहिल्या महायुद्धात नफा वाढला म्हणून मालक बोनस द्यायला लागले, पुढे तो थांबवला आणि १९२४ ला त्यावरून मोठा संप झाला, तेव्हा कामगारांचा त्यावर कायदेशीर हक्क नाही असंच म्हटलं गेलं होतं. हक्क पक्का झाला तो १९६५ च्या कायद्याने, आणि आता ते सगळं त्याच चार कोडपैकी वेतन संहितेत गेलंय. २० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी, ठरलेल्या पगारमर्यादेच्या आतल्या माणसाने वर्षात किमान ३० दिवस काम केलं असेल तर कमीतकमी ८.३३ टक्के बोनस, जास्तीत जास्त २० टक्के. पगाराची मर्यादा जुन्या कायद्यात २१,००० रुपये महिना होती, संहितेत ती सरकारने नोटिफिकेशनने ठरवायची आहे. कंपनी नवी असेल तर मात्र पहिल्या पाच वर्षांसाठी सूट आहे, नफा झाला त्याच वर्षी द्यायचा.

तर ड्रायफ्रूटचा बॉक्स हा बोनस नाही. संहितेत तर बोनस बँक खात्यात जमा करायचा असंच लिहिलंय. बॉक्स जरूर द्या, लोकांना आनंद होतो, पण तो वेगळा. तुमच्याकडे मर्यादेच्या आतले कोण कोण आहेत त्यांची यादी काढा, ऑफिस असिस्टंट, फ्रंट डेस्क, ज्युनिअर सपोर्ट असे बहुतेक निघतीलच. हिशोब करताना अजून एक चूक सर्रास होते, जुन्या कायद्याप्रमाणे ७,००० रुपये किंवा त्या कामाचं किमान वेतन यातलं जे जास्त त्यावर ८.३३ टक्के काढायचे होते आणि अनेक ठिकाणी डोळे मिटून ७,००० वरच काढून वर्षाला ७,००० च्या आसपास हातावर ठेवतात. किमान वेतन जास्त असेल तर ते कमी पडतं, सरळ कमी. आणि सीटीसीमध्ये दरमहा 'बोनस' म्हणून रक्कम दाखवून आधीच दिली असेल तर ती वजा होते, पण पे-स्लिपमध्ये ती तशी दिसली पाहिजे.

दिवाळीच्या आतच द्यायला पाहिजे का? कायद्यात दिवाळी हा शब्द नाही. हिशोबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिने. वर्ष ३१ मार्चला संपत असेल तर ३० नोव्हेंबरपर्यंत. दिवाळी त्याआधी येते, म्हणून ती पद्धत पडली आणि ती चांगली आहे, पैसे लोकांना तेव्हाच लागतात. ज्यांचा पगार मर्यादेच्या वर आहे त्यांना जे मिळतं ते एक्स-ग्रेशिया, म्हणजे मालकाने स्वखुशीने दिलेली रक्कम, त्यावर कायद्याचा बोनस मागता येत नाही. मात्र तेही वर्षानुवर्षं, नफा-तोटा न बघता, सणाला म्हणून, सारख्याच दराने दिलं जात असेल तर तो प्रथेचा बोनस होऊ शकतो, सुप्रीम कोर्टाने १९५९ च्या ग्रॅहॅम्स ट्रेडिंग केसमध्ये पूजा बोनसबद्दल अशाच कसोट्या घातल्या होत्या. म्हणून मी मालकांना सांगतो, दर वर्षीच्या पत्रात ही रक्कम कशासाठी आणि कोणत्या वर्षापुरती ते लिहा.

वर्गणी कापली ते मात्र सरळ बेकायदेशीर आहे, यात मला काही किंतु नाही. पगारातून काय काय कापता येतं त्याची यादी कायद्यात दिलेली आहे, पीएफ, टॅक्स, गैरहजेरी, अ‍ॅडव्हान्स वगैरे. पार्टी, सत्यनारायण, गणपती, बॉसचा वाढदिवस यातलं काहीच त्यात नाही. "सगळ्यांनी ग्रुपवर अंगठा दाखवला होता" याने ती कपात कायदेशीर होत नाही. पुढच्या पगारात परत करा आणि यापुढे वर्गणी घ्यायचीच असेल तर ज्याला द्यायची त्याने स्वतःच्या हाताने द्यावी, न देणाऱ्याचं नाव कुठेही लागता कामा नये. नवीन लागलेली, चौदा-पंधरा हजारांवरची मुलं 'नाही' म्हणू शकत नाहीत, हे आपण ओळखलं पाहिजे. पूजेला बसणं, आरतीला उभं राहणं हेही तसंच, ज्याला यायचं तो येईल, न येणाऱ्याची हजेरी घेऊ नका.

पार्टीबद्दल तुम्ही विचारलं नाही पण सांगतो. पार्टी ऑफिसच्या बाहेर हॉटेलात किंवा रिसॉर्टवर असली तरी कंपनीने नेलं, कंपनीची बस होती, म्हणजे पॉश कायद्याच्या (कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याच्या) दृष्टीने ती कामाची जागाच आहे. २०१३ च्या त्या कायद्यात कामानिमित्त भेट दिलेली जागा आणि मालकाने दिलेली वाहनव्यवस्था दोन्ही येतं. धुळवडीच्या कार्यक्रमात तक्रारी जास्त येतात, रंग लावायच्या नावाखाली हात कुठेही जातो आणि मग "सण आहे, मनावर घेऊ नकोस" असं बाईलाच ऐकवलं जातं. नाही म्हणजे नाही, हे कार्यक्रमाच्या आमंत्रणातच लिहा. या तक्रारी ऐकणाऱ्या कंपनीच्या अंतर्गत समितीच्या सदस्यांचे नंबर त्याच मेलमध्ये द्या. तक्रारीला घटनेपासून तीन महिने असतात, समितीला कारण पटलं तर आणखी तीन.

सिक्युरिटी, हाऊसकीपिंग, पँट्री ही माणसं एजन्सीची असतात आणि सुट्ट्यांच्या लिस्टमध्ये त्यांचं नाव कोणाच्याच डोक्यात येत नाही. ऑफिस बंद असतानाही वॉचमन असतोच. त्याला सणाची ड्युटी लावली तर एजन्सीच्या बिलात त्या दिवसाचा डबल रेट दिसतोय का आणि तो त्याच्यापर्यंत पोचतोय का, हे प्रिन्सिपल एम्प्लॉयर (ज्याच्यासाठी एजन्सीची माणसं काम करतात तो मूळ मालक) म्हणून तुम्हीच तपासायचं, कारण एजन्सीने वेतन थकवलं तर ते भरायची जबाबदारी शेवटी तुमच्यावर येते.

मतदानाच्या दिवसाची सुट्टी या आठमध्ये मोजू नका. ती लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-ब खाली वेगळी, भरपगारी आहे.

मालकांशी बोलताना एकदम कलमं फेकू नका, त्यांनाही क्लायंट सांभाळायचाय. यंदापुरतं तीन गोष्टी मागा: वर्गणी परत, लक्ष्मीपूजनाला काम करणाऱ्यांना डबल पगार अधिक बदली सुट्टी लेखी, आणि बोनसची यादी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सगळ्या टीममधून एक-एक प्रतिनिधी घेऊन मीटिंग लावा, तारखांसकट लिस्ट करा, सह्या घ्या, नोटीस बोर्डावर आणि मेलवर टाका. नवीन माणूस जॉइन झाला की ऑफर लेटरबरोबर तीच लिस्ट द्या. एवढं करूनही ऐकलं नाही तर पुण्यातल्या कामगार आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज द्यायचा, दुकाने कायद्याखाली ज्याला पूर्वी इन्स्पेक्टर म्हणायचे त्याला आता सुविधाकार म्हणतात, त्याच्याकडे तो जातो. अर्जासोबत मागच्या वर्षांची अटेंडन्स, पगारातली कपात दिसणारी पे-स्लिप आणि सुट्टीबद्दलचा मालकांचा मेल या तिन्हीच्या प्रती जोडा, आणि अर्जाच्या कॉपीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय तिथून निघू नका.